तांब्याचा ‘एच’ किती?

संशोधनाची तयारी करणाऱ्या मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो. शब्द वेगवेगळे, प्रश्न तोच. ‘तांब्याची थर्मल कंडक्टिव्हिटी ३९० च्या आसपास, स्टेनलेस स्टीलची १५ च्या. मग तांब्याचा हीट ट्रान्सफर कोएफिशियंट किती आणि स्टीलचा किती? एकावरून दुसरा काढायचं सूत्र कोणतं?’

प्रश्न साधा दिसतो, पण तो ‘तांब्याच्या गडूचा वेग किती?’ असं विचारण्यासारखा आहे. गडू जिन्यावरून घरंगळला तर एक वेग, बसमध्ये पिशवीत असला तर दुसरा, फडताळात असला तर शून्य. वेग गडूचा गुणधर्म नाही, गडू ज्या परिस्थितीत आहे तिचा आहे. एच चं तसंच आहे. तांब्याला एच नसतो. तांब्याचा पृष्ठभाग, त्याला लागून असलेला द्रव किंवा वायू, त्याची हालचाल आणि त्या पृष्ठभागाचा आकार या सगळ्यांचा मिळून एक एच असतो.

पुढे सगळीकडे ‘के’ म्हणजे औष्णिक वाहकता आणि ‘एच’ म्हणजे उष्णता संक्रमण गुणांक, म्हणजेच हीट ट्रान्सफर कोएफिशियंट. सुरुवात एककांपासून करा, कारण एककं खोटं बोलत नाहीत. के चं एकक वॉट प्रति मीटर प्रति केल्व्हिन. एच चं वॉट प्रति चौरस मीटर प्रति केल्व्हिन. फरक एका मीटरचा. म्हणजे के ला कुठल्यातरी लांबीने भागलं की एच सारखं काहीतरी मिळतं. कोणती लांबी आणि कोणाचा के, हे दोन प्रश्न नीट सुटले की बाकी गणित कॅल्क्युलेटर करतो.

गोंधळ मात्र आजचा नाही. न्यूटनने १७०१ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये निनावी लेख लिहिला. त्यात तापवलेलं लोखंड थंड होऊ देताना त्याने ते शांत हवेत नाही, एकसारख्या वाहत्या वाऱ्यात ठेवलं. वाऱ्याने निकाल बदलतो हे त्याला ठाऊक होतं. पुढे फूरिएने १८२२ च्या ग्रंथात दोन्ही राशी वेगळ्या केल्या, पण नावं ठेवली ‘अंतर्गत वाहकता’ आणि ‘बाह्य वाहकता’. दोघींना वाहकताच म्हटलं! आज आपण एच ला वाहकता म्हणत नाही, हे बरंच आहे. मात्र ती जुनी सावली डोक्यात राहते आणि एच हाही पदार्थाचाच गुण वाटायला लागतो.

बंबाचा हिशोब

पंचवटीतल्या, जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये एके काळी सकाळी बंब पेटायचा. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी पूर्वीपासून प्रसिद्ध. १८८३ च्या जिल्हा गॅझेटियरमध्येही या धंद्याची नोंद आहे. ज्यांनी बंब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तांब्याचं उभं, गोल भांडं, मधोमध आरपार जाणारी नळी. नळीत जळण, खाली राख पडायला जाळी, नळीच्या भोवती पाणी, बाहेरून तोटी. हीट एक्स्चेंजरच्या पुस्तकातली पहिली आकृती म्हणून तो खपेल.

आता आकडे धरू. नळीचा व्यास १० सेंटिमीटर, पाण्यात बुडालेली लांबी ५० सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ०.१५७ चौरस मीटर. पत्रा दीड मिलिमीटर जाड. नळीतले गरम वायू सरासरी ५०० अंश सेल्सिअस. पाणी २० पासून ५० अंशांपर्यंत तापवायचं, म्हणजे सरासरी ३५. वायूच्या बाजूचा एच २५ धरू, त्यातच प्रारणाचा वाटा मिळवलेला आहे असं समजा. पाण्याच्या बाजूचा एच ५००. हे ढोबळ आकडे आहेत. तुम्ही २५ ऐवजी २० किंवा ३५ घेतलेत तरी पुढचा मुद्दा हलत नाही, आणि तसं करून बघाच.

उष्णतेला वाटेत तीन अडथळे. पहिला वायूचा: १ भागिले २५, म्हणजे ०.०४. दुसरा तांब्याच्या पत्र्याचा: जाडी भागिले के, म्हणजे ०.००१५ भागिले ३९०, म्हणजे ०.०००००३८. तिसरा पाण्याचा: १ भागिले ५००, म्हणजे ०.००२. हे एका चौरस मीटरचे रोध आहेत. पत्रा नळीच्या मानाने पातळ असल्याने तो सपाट धरून चालतो. तिन्हींची बेरीज ०.०४२००४.

या बेरजेत तांब्याचा वाटा शोधायला दुर्बीण लागेल. एकूण ४६५ अंशांच्या फरकातले ४४३ अंश वायूच्या बाजूलाच पडतात, २२ पाण्याच्या बाजूला आणि तांब्यात ०.०४. पत्र्याच्या आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागाच्या तापमानात अंशाच्या पंचविसाव्या भागाइतका फरक!

आता तोच बंब स्टेनलेस स्टीलचा करा. के २६ पटीने घसरला. पत्र्याचा रोध ०.०००१ झाला, बेरीज ०.०४२१. वीस लिटर पाणी तापायला तांब्याच्या बंबाला या हिशोबाने २४ मिनिटं लागतात. स्टीलच्या बंबाला त्याहून तीन-साडेतीन सेकंद जास्त. पाणी तोटीतून बादलीत पडायलाच त्याहून जास्त वेळ जातो.

‘तांब्याच्या बंबात पाणी लवकर तापतं’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि तुम्हीही ऐकलं असेल. भांड्याच्या दुकानात ते आजही ऐकू येतं. के चा आकडा बघितला तर ते पटतं. बेरीज केली तर पटत नाही.

मग फरक कशाने पडतो? नळीच्या आतल्या बाजूला एक मिलिमीटर काजळी धरू द्या. काजळी भुसभुशीत असते, तिचा के ०.१ च्या आसपास धरू. एक मिलिमीटर काजळीचा रोध ०.०१, म्हणजे दीड मिलिमीटर तांब्याच्या अडीच हजार पटींहून जास्त. २४ मिनिटांची ३० मिनिटं होतात. पाण्याच्या बाजूला क्षारांचा दोन मिलिमीटर थर जमला, के १ धरला, तर रोध ०.००२, म्हणजे खुद्द पाण्याच्या रोधाइतका. तरी वेळ मिनिटभरच वाढतो, कारण वायूच्या ०.०४ पुढे तोही छोटाच. उलट फुंकणीने फुंकर घातली, वायूंचा वेग वाढून त्या बाजूचा एच २५ चा ४० झाला, तर तेच पाणी साडेपंधरा मिनिटांत तापतं. फुंकरीने जाळही वाढतो, तो फायदा वेगळा. तो इथे मोजलेलाच नाही.

म्हणजे घरातली जी व्यक्ती बंबाची नळी घासत होती आणि वेळेवर फुंकर मारत होती, ती योग्य रोधावर काम करत होती.

मग तांबं कशाला, असं कोणी विचारेल. तांबं ठोकून हवा तो आकार घेतं, डाख देऊन जोडता येतं, लोखंडासारखं गंजून भोक पडत नाही. तांबट कारागिराच्या हातोडीला जो धातू मानवतो तो त्याने घेतला. ही कारणं भक्कम आहेत. त्यासाठी के ला साक्षीला बोलवायची गरज नाही. (स्वयंपाकाच्या भांड्याची गोष्ट थोडी निराळी. तिथे ज्योत बुडाच्या एका कड्यावरच लागते, आणि उष्णता बुडात आडवी पसरावी लागते. आडवा प्रवास मिलिमीटरचा नसून अनेक सेंटिमीटरचा असतो, तिथे तांब्याचा के कामाला येतो. भाजी एका जागी करपत नाही ती म्हणून.)

कोणाचा के?

आता मूळ प्रश्नाकडे. एच आणि के यांचा संबंध आहेच, अगदी जवळचा आहे. फक्त तो के भांड्याचा नाही, भांड्याला लागून असलेल्या द्रवाचा किंवा वायूचा आहे.

पृष्ठभागाला अगदी चिकटलेला द्रवाचा थर हलत नाही. त्या थरातून उष्णता जाते ती निव्वळ वहनाने, द्रवाच्या स्वतःच्या के ने. पुढे गेलं की प्रवाह तिला उचलून नेतो. म्हणून ढोबळपणे असं चित्र डोळ्यांसमोर आणा: पृष्ठभागावर द्रवाची एक पातळ, स्तब्ध साय आहे. एच म्हणजे द्रवाचा के भागिले त्या सायीची जाडी. आपण शोधत होतो ती लांबी ही. प्रवाह जोरात असेल तर साय पातळ, एच मोठा. प्रवाह मंद तर साय जाड, एच छोटा. खरी साय अशी कापून वेगळी काढता येत नाही, तापमान हळूहळू बदलत जातं. पण विचार करायला हे चित्र पुरतं.

नुसेल्ट अंक हेच सांगतो. नुसेल्टने १९१५ च्या लेखात राशी अशा रचल्या की एच गुणिले लांबी भागिले द्रवाचा के हा एक निव्वळ आकडा मिळतो. सायीच्या तुलनेत तुमची वस्तू किती पट मोठी, असं त्याला वाचा. गोल नळीत प्रवाह संथ आणि पूर्ण विकसित असेल, भिंतीचं तापमान एकसारखं असेल, तर नुसेल्ट अंक ३.६६. भिंतीतून येणारा उष्णतेचा ओघ एकसारखा असेल तर ४.३६. या आकड्यांत नळी तांब्याची की पितळेची याचा कुठे उल्लेख नाही, हे लक्षात घ्या.

आता बियो अंक बघा. (आपल्याकडे सर्रास ‘बायोट नंबर’ म्हणतात. मनुष्य फ्रेंच होता, झाँ-बाप्तिस्त बियो.) तोही एच गुणिले लांबी भागिले के. हुबेहूब तोच चेहरा! पण इथला के घन पदार्थाचा आहे. नुसेल्टमध्ये द्रवाचा के, आणि लांबी प्रवाहाच्या भूमितीची. बियोमध्ये घनाचा के, आणि लांबी घनाच्या आतल्या वाटेची. नुसेल्ट अंक एच काढायला वापरतात. बियो अंक एच आधीच माहीत असताना वापरतात, घनाच्या आतला रोध आणि बाहेरचा रोध यांची तुलना करायला. मुलाखतीत या दोघांवर प्रश्न येतोच, आणि ‘दोन्हींचं सूत्र सारखंच आहे, मग फरक काय?’ असाच येतो. पाठ केलेली व्याख्या तिथे तोकडी पडते. के कोणाचा हे सांगता आलं पाहिजे.

बंबाच्या पत्र्याचा बियो अंक: २५ गुणिले ०.००१५ भागिले ३९०, म्हणजे साधारण दहा हजारांत एक. सगळा रोध बाहेर, आत काहीच नाही. याच्या अगदी उलट उदाहरण रामकुंडावर मिळतं.

माघस्नान

नाशकात थंडीत पारा दहा अंशांच्या खाली जातो. अशा पहाटे माघस्नानाला गंगेवर (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो) पायरीवर उघड्या अंगाने उभा असलेला माणूस घ्या. हवा १० अंश, पाणी समजा १८. पाणी हवेपेक्षा आठ अंशांनी गरम, तरी त्यात उतरायला जिवावर येतं. का?

‘कारण पाण्याचा के हवेपेक्षा जास्त’ हे उत्तर सगळे देतात. बरोबर आहे, पण अर्धं. पाण्याचा के ०.६, हवेचा ०.०२६, म्हणजे २३ पट. शांत हवेत अंगाभोवतीच्या अभिसरणाचा एच ५ च्या आसपास धरला तर सायीची जाडी ५ मिलिमीटरच्या थोडी वर येते. स्थिर पाण्यात एच १०० धरला तर जाडी ६ मिलिमीटर. साय जवळजवळ तेवढीच, फक्त ती हवेऐवजी पाण्याची झाली, म्हणून एच वीस पट. इथे श्रेय खरोखरच के चं आहे. पण तुम्ही पाण्यात हातपाय हलवले, किंवा कुंडातून प्रवाह जोरात असला आणि एच ४०० झाला, तर साय दीड मिलिमीटरवर येते. आता वाढ झाली ती के मुळे नाही, के तोच आहे. प्रवाहामुळे झाली.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. माणूस म्हणजे तांब्याचा पत्रा नाही. त्वचा आणि तिच्याखालची चरबी मिळून एक सेंटिमीटर थर आणि त्याचा के ०.२ धरू. रोध ०.०५. हवेतला एच प्रारण धरून १० घेऊ, म्हणजे बाहेरचा रोध ०.१. एकूण ०.१५, आणि शरीराच्या आतलं तापमान ३७ धरलं तर दर चौरस मीटरमागे १८० वॉट जातात. वाहत्या पाण्यात बाहेरचा रोध ०.००२५, एकूण ०.०५२५. उष्णता जाते ३६२ वॉट. एच चाळीस पट झाला, उष्णता गेली दुप्पट! पाणी थोडं गरम आहे हे वगळून प्रत्येक अंशामागे बघितलं तरी तिप्पट नाही.

कारण आता सूत्रं शरीराच्या के च्या हातात गेली. पाण्याचा रोध इतका कमी झाला की तो आणखी कमी करून फारसं काही होत नाही. बियो अंक काढा: ४०० गुणिले ०.०१ भागिले ०.२, म्हणजे २०. बंबाच्या बरोबर उलट टोक. एच कितीही वाढवा, आतला के पुढे जाऊ देत नाही.

मग हुडहुडी एवढी का भरते? कारण आपल्याला जाणवतं ते त्वचेचं तापमान, वॉट नाही. याच हिशोबाने हवेत त्वचा २८ अंशांवर होती, वाहत्या पाण्यात ती १९ वर येऊन ठेपते. पहिल्या काही क्षणांत तर हा स्थिर स्थितीचा हिशोब लागूच पडत नाही. शिवाय शरीर रक्तवाहिन्या आकसून स्वतःचा रोध वाढवतं, जे कुठलाही पत्रा करत नाही.

तिथल्याच पायऱ्यांचा दगड पायाला पाण्यापेक्षाही गार लागतो, आणि शेजारचा लाकडी पाट तितका गार लागत नाही, दोन्हींचं तापमान एकच असताना. ती ना एच ची गोष्ट, ना नुसत्या के ची. तिथे के, घनता आणि विशिष्ट उष्मा यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ चालतं. बेसॉल्टसाठी ते लाकडाच्या साधारण पाच पट आहे. हा विषय वेगळा, पण गल्लत नेहमी होते म्हणून नोंदवून ठेवतो.

प्रपोजल लिहिण्याआधी

हे सगळं एवढं ताणून सांगायचं कारण, चुकीचा के निवडून लोक तीन-चार वर्षं घालवू शकतात. ‘अमुक पदार्थाचा के वाढवू, म्हणजे हीट एक्स्चेंजर सुधारेल’ या धाटणीची प्रपोजल खूप असतात. वाचताना पहिलं काम हे करा: रोधांची बेरीज मांडा. ज्या अडथळ्यावर काम करायचं म्हणताय त्याचा बेरजेत वाटा किती? तो शेकड्याला एक असेल तर तो शून्यावर आणूनही सुधारणा एक टक्काच मिळणार. हवेच्या बाजूचा एच ३० असताना नळीच्या धातूवर ग्राफीनचा लेप देणं म्हणजे बंबाचं तांबं चांदीत बदलणं.

जगभरात गाजलेलं उदाहरण नॅनोफ्लुइडचं. द्रवाचा के कमी असतो, त्यात धातूचे किंवा ऑक्साइडचे नॅनोकण मिसळले तर तो वाढेल, ही कल्पना अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेत चोई आणि ईस्टमन यांनी १९९५ मध्ये मांडली. कल्पना योग्य ठिकाणी बोट ठेवणारी होती, कारण तिने द्रवाच्या के ला हात घातला, जो खरोखर एच मध्ये येतो. नंतर के अनपेक्षितपणे खूप वाढल्याचे दावे येऊ लागले. २००९ मध्ये ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’मध्ये तीसहून अधिक संस्थांनी मिळून केलेली चाचणी छापून आली. एकच नमुने सगळ्यांनी मोजले. तपासलेल्या नॅनोफ्लुइडमध्ये विलक्षण अशी वाढ दिसली नाही. मॅक्सवेलच्या एकोणिसाव्या शतकातल्या मिश्रणाच्या सिद्धान्ताचं व्यापक रूप वापरलं तर निकाल जुळत होते.

पण धरा की के खरंच १० टक्के वाढला. एच किती वाढेल? संथ प्रवाहात नुसेल्ट अंक ठरलेला, त्यामुळे एच ही १० टक्के. खळाळत्या प्रवाहात १९३० चं डिटस-बोल्टर सूत्र लावा. त्यात रेनॉल्ड्स अंकाचा घात ०.८ आणि प्रांटल अंकाचा ०.४. प्रांटल अंकाच्या छेदात के बसलेला असतो, म्हणून शेवटी एच हा के च्या ०.६ घाताने वाढतो. १० टक्क्यांचे झाले साधारण ६ टक्के. आता कणांमुळे द्रव जाडसर होतो. चिकटपणा १५ टक्के वाढला असं समजा. तोच वेग ठेवला तर एच चिकटपणाच्या उणे ०.४ घाताने बदलतो, म्हणजे साडेपाच टक्के घट. सहा वाढले, साडेपाच गेले. वर तोच द्रव ढकलायला पंपाला वीज जास्त. घनता आणि विशिष्ट उष्मा बदलला नाही असं मी इथे धरलं आहे. तुम्ही ते घालून पुन्हा करा, आकडे थोडे हलतील.

इथे एक प्रामाणिक इशारा. डिटस-बोल्टरसारख्या सूत्रांतून येणाऱ्या एच मध्ये २०-२५ टक्क्यांची चूक सहज असू शकते. तांब्याचा के मात्र आपल्याला फार नेमका माहीत असतो. म्हणून ‘आमचा एच ५ टक्क्यांनी वाढला’ असं कोणी सांगितलं तर तो सूत्राशी तुलना करून सांगतोय, की त्याच उपकरणावर साधं पाणी आणि नवा द्रव दोन्ही मोजून सांगतोय, ते आधी विचारा. एच हा मुळात नियम नाही, व्याख्या आहे: ओघ भागिले तापमानातला फरक. फरक कुठून कुठे मोजला हे बदललं की एच चा आकडा बदलतो.

घनाचा के एच मध्ये कधीच येत नाही, असंही समजू नका. दोन धातू एकमेकांवर दाबून ठेवले तर त्यांच्या सांध्याचाही एक एच मानतात. पृष्ठभाग कितीही घासला तरी तो सूक्ष्म पातळीवर खडबडीतच, त्यामुळे ते ठिकठिकाणी टोकांवरच टेकतात. त्या टेकलेल्या टोकांमधून उष्णता जाते, म्हणून या एच मध्ये दोन्ही घनांचे के येतात. प्रोसेसरवर हीटसिंक बसवताना मध्ये पेस्ट लावतात ती याच सांध्यासाठी. उकळण्याच्या प्रक्रियेतही पृष्ठभागाच्या धातूचा परिणाम दिसतो, कारण बुडबुडा सुटताना खालचा धातू क्षणभर थंड होतो आणि पुन्हा तापावा लागतो.

आणि तांब्याचा के आपला मान परत मिळवतो ती जागा बंबातच दाखवता येते. आपला मोठा रोध वायूच्या बाजूला आहे. एच वाढवायचा नसेल तर क्षेत्रफळ वाढवा. नळीच्या आतून उभ्या पट्ट्या, म्हणजे फिन, जोडा. पट्टी ३० मिलिमीटर रुंद, एक मिलिमीटर जाड. आता उष्णतेला पट्टीच्या टोकापासून मुळापर्यंत ३० मिलिमीटर धातूतून चालायचं आहे, तेही एक मिलिमीटरच्या अरुंद वाटेने. फिनची कार्यक्षमता काढा: तांब्याची पट्टी ९६ टक्के, स्टेनलेस स्टीलची ५४ टक्के. पत्र्याच्या जाडीतून आरपार जाताना ज्या के ने जेमतेम तीन-साडेतीन सेकंदांचा फरक पाडला होता, तोच के इथे जवळजवळ दुप्पट काम करून देतो. पदार्थ तोच, वायूचा एच ही तोच २५. बदलली ती उष्णतेची वाट.

प्रत्यक्ष करायचं झालं तर दोन पट्ट्यांमध्ये ब्रश जाईल एवढी जागा सोडा. काजळी तिथेच आधी धरते.